किनाऱ्यावर खाड्या मोजायच्या: साताऱ्याहून एकट्यानं सायकलवर निघणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा सायकल घेऊन कोकणात उतरलो तेव्हा वहीत रोजचे १०० किलोमीटर आखले होते. सातारा ते कराड जाऊन-येऊन तेवढे होतातच, आणि समुद्राकाठचा रस्ता तर सपाटच असणार, असा माझा हिशोब. जयगडला फेरीबोटीतून उतरलो आणि समोरचा चढ सायकल ढकलत चढावा लागला. वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर आलो, वारा लागला, चार किलोमीटर बरे गेले. मग उतार, उताराच्या तळाशी पुन्हा पाणी, आणि पाण्यापलीकडं पुन्हा चढ. संध्याकाळी एका देवळाच्या ओट्यावर पाय पसरून बसलो तेव्हा मीटरवर ५२ दिसत होते.

तेव्हापासून मी किनाऱ्यावर किलोमीटर मोजत नाही, खाड्या मोजतो. सह्याद्रीतून निघालेली नदी जांभ्याचा सडा चिरत समुद्राला मिळते. रस्ता सड्यावरून खाली खाडीपर्यंत येतो, पाणी ओलांडतो आणि परत सड्यावर चढतो. आपल्या घाटांसारखी मोठी उंची नसते, पण चढ खडा असतो आणि दिवसातून चार-पाचदा समोर उभा राहतो. दिवसाला एक, फार तर दोन मोठ्या खाड्या आणि ५० ते ६० किलोमीटर, एवढंच नवख्यानं ठरवावं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं.

रस्ता कोणता

साताऱ्याहून कोकणात उतरायला महाबळेश्वर-आंबेनळी-पोलादपूर हा एक रस्ता आहे आणि कुंभार्ली घाट हा दुसरा. पहिल्या प्रवासाला कुंभार्लीच घ्या. महाबळेश्वर चढण्यात पहिल्याच दिवशी पाय संपतात आणि पोलादपूरला उतरल्यावरही समुद्र लांबच राहतो.

पहिला दिवस महामार्गानं उंब्रजपर्यंत, तिथून आत वळून मल्हारपेठ, पाटण आणि कोयनानगर. सुमारे ९० किलोमीटर होतात, पण रस्ता आपल्या ओळखीचा आणि चढ सौम्य आहे, म्हणून हा एक दिवस लांब चालतो. महामार्गावर जिथं सेवा रस्ता आहे तिथं तोच धरा. उंब्रजला वळलात की अंगावर येणाऱ्या ट्रकांचा आवाज मागं पडतो आणि खऱ्या अर्थानं प्रवास सुरू होतो.

दुसरा दिवस कोयनानगर ते चिपळूण, सुमारे ४५ किलोमीटर, बहुतेक उतार. या टप्प्यावर मला दर वेळी एक गोष्ट आठवते. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला वाहून कराडला कृष्णेला मिळायचं. त्यातलं बरंचसं पाणी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीकडं सोडलंय. तिथं वीज तयार करून ते वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. आपण घाट उतरत असतो तेव्हा आपल्याच जिल्ह्यातलं पाणीही डोंगराच्या आतून आपल्याबरोबर उतरत असतं.

तिसरा दिवस मार्गताम्हाणे, शृंगारतळीवरून गुहागर. चौथ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, पुढं मालगुंड आणि गणपतीपुळे. पाचव्या दिवशी आरे-वारेचा किनारा, रत्नागिरी, भाट्ये आणि पावस. सहावा दिवस पूर्णगडचा पूल, आडिवरे, नाटे, जैतापूर. सातवा विजयदुर्ग. आठवा देवगडवरून कुणकेश्वर, नववा आचरा आणि मालवण, दहावा वेंगुर्ला, अकराव्या दिवशी शिरोडा, रेडी आणि तिथून सावंतवाडी.

अकरा दिवसांची सुट्टी कुणाला सहजी मिळत नाही, हे मला कळतं. मग पाचव्या दिवशी सकाळी रत्नागिरीला पोहोचा आणि तिथून एसटीनं घरी या. उरलेला अर्धा किनारा पुढच्या वर्षी. अकरा दिवसांचा रस्ता सात दिवसांत कोंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सांगलीकरांना कुंभार्लीकडं येण्याची गरज नाही. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असं रत्नागिरीला उतरावं आणि तिथून दक्षिणेला वळावं. कोल्हापूरपर्यंतचं अंतर एसटीनं किंवा रेल्वेनं काढलं तर पहिला दिवस वाचतो.

उत्तरेकडून दक्षिणेकडं जायचं, उलटं नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा असतो, तो हलका. दुपारी खारा वारा सुटतो, बहुतेक वेळा वायव्येकडून, आणि तो चांगला जोरात असतो. दक्षिणेला चाललेल्या माणसाला तो मागून मदत करतो. उलट दिशेनं येणाऱ्याला त्याच दुपारी सड्यावर तोंड खाली घालून पायडल मारावं लागतं.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असला तरी उष्मा असह्य असतो आणि रस्त्यांचे खड्डे बुजलेले नसतात. मार्चपासून सडा तापतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सोडा. खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या रात्रंदिवस धावतात.

घरी सहा आठवडे

सातारकराला सराव करायला कुठं लांब जायला नको. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा फक्त यवतेश्वरपर्यंत चढा आणि उतरा. सायकल रिकामी असू द्या. बसून, लहान गिअरवर, बोलता येईल इतक्याच दमानं चढायचं. उभं राहून जोर लावून चढायची सवय लागली असेल तर ती इथंच मोडा, कारण मागं सामान असताना उभं राहिलं की सायकल झोकांड्या खाते आणि गुडघे दुखतात.

तिसऱ्या आठवड्यापासून सामान बांधून चढा. सामान नसेल तर पाण्याच्या बाटल्या भरून पिशव्यांत ठेवा, आठ किलो होतील इतक्या. रविवारी पुढं कासपर्यंत जा. जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटर होतात आणि सुरुवातीची चढण काढली की पुढं छोटे चढ-उतार लागतात, कोकणातल्यासारखेच. परत येताना यवतेश्वरचा उतार हा ब्रेकचा अभ्यास समजा.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट अवश्य करा: सलग दोन दिवस चालवा. शनिवारी ५०, घरी झोपा, रविवारी पुन्हा ५०. एका दिवसात ८० मारणं आणि दुखऱ्या पायांनी दुसऱ्या सकाळी सीटवर बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीट टोचते का, हाताची बोटं बधिर होतात का, हे रविवारी सकाळीच कळतं. सीटची उंची, पुढं-मागं, हॅन्डलची उंची या वेळी ठीक करून घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं चालवा.

सांगली-मिरजेकडं जमीन सपाट आहे, तिथल्यांनी दंडोबाच्या डोंगरावर किंवा सागरेश्वरकडं जावं.

सायकल आणि तिची तयारी

महागडी सायकल लागत नाही. लागतो तो लहान गिअर. पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात्यांची किंवा त्याहून लहान आणि मागची सगळ्यात मोठी ३२-३४ दात्यांची असेल तर सामानासकट चढ निघतात. शर्यतीच्या सायकलीला पुढं मोठ्या चकत्या असतात, तिच्यावर सामान लादून जयगड चढणं म्हणजे गुडघ्यांवर अन्याय. हायब्रीड किंवा साधी एमटीबी उत्तम. एमटीबीचे खडबडीत टायर काढून गुळगुळीत घाला. रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर असली की खड्डेही सोसतात आणि दमही जात नाही.

निघण्याआधी पंधरा दिवस सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. दुकानातून आणलेल्या सायकलीत काही ढिलं राहिलं असेल तर ते पंधरा दिवसांत समजतं. ब्रेक पॅड नवे घाला. ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी गंजल्या असतील तर बदला. चेन जुनी असेल तर बदला. चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या आणि मागच्या चाकाचे सगळे स्पोक बोटांनी दाबून बघा. वजन मागच्या चाकावर येतं, तुटतो तो तिथलाच स्पोक. दोन जादा स्पोक, त्याच मापाचे, फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवा. रस्त्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीकडं बसवण्याचं कसब मिळेल, पण तुमच्या मापाचा स्पोक मिळेलच असं नाही.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघून घ्या. माझ्या पहिल्या प्रवासात जादा म्हणून घेतलेली ट्यूब बारीक व्हॉल्व्हची निघाली आणि पंप जाड व्हॉल्व्हचा. ट्यूब घेताना मीही पाहिलं नाही, दुकानदारानंही विचारलं नाही. हेदवीच्या अलीकडं दोन्ही हातात धरून बसलो होतो. शक्य असेल तर मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूबच वापरा, म्हणजे पेट्रोल पंपावर आणि गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा मिळते. पंप घरी एकदा वापरून बघा, नुसता बॅगेत टाकू नका.

पंक्चर: घरी पाच वेळा काढा

एकट्यानं निघणाऱ्याला बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण मागचं चाक काढून पंक्चर काढता आलं पाहिजे. हे वाचून येत नाही. घराच्या अंगणात, हात काळे करून, पाच वेळा करा.

१. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर घ्या. मग चाक सहज निघतं आणि परत बसवताना चेन कुठं बसवायची हा घोळ राहत नाही. ब्रेक सैल करा, चाक काढा.

२. उरलीसुरली हवा सोडा, टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग लिव्हरनं एका बाजूनं टायर उचला. व्हॉल्व्हच्या समोरून, म्हणजे विरुद्ध बाजूनं सुरुवात करा. ट्यूब बाहेर काढा.

३. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळून फिरवा. हवेची झुळूक कानापेक्षा गालाला आधी कळते. मिळालं नाही तर पाण्यात बुडवा.

४. छिद्र सापडलं की ट्यूब टायरवर धरून टायरमध्ये त्याच जागी काय रुतलंय ते शोधा. हे न करता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. आपल्याकडं बाभळीचा काटा, किनाऱ्यावर काच किंवा टायरच्या तारेचा बारीक तुकडा. टायरच्या आतून बोट हळू फिरवा, कापूस असेल तर कापूस फिरवा, तो काट्याला अडकतो.

५. पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा आणि वाळू द्या. ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावण्याची घाई सगळेच करतात. चार-पाच मिनिटं थांबा, बोटाला चिकट लागलं तरी ओलं लागता कामा नये. मग ठिगळ लावून जोरात दाबा.

६. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून आकार येऊ द्या, टायरमध्ये बसवा, शेवटची कड हातानंच चढवा. लिव्हरनं चढवलं तर ट्यूब चिमटते. हवा भरण्याआधी सगळीकडून बघा, ट्यूब कुठं कडेखाली अडकली नाही ना.

रस्त्यात असताना आधी जादा ट्यूब घाला आणि ठिगळाचं काम रात्री मुक्कामावर करा. दोन जादा ट्यूब, एक पंक्चरची डबी (दर वेळी नवं सोल्युशन, उघडलेली नळी वाळते), लिव्हर, पंप, ॲलन की, छोटा पाना, चेन जोडायची एक जादा लिंक, तेलाची छोटी बाटली, चिकटपट्टी, चार प्लॅस्टिकचे टाय. हत्यारं एवढीच.

सामान

मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना एकेक बॅग, मिळून आठ-नऊ किलो. पाठीवर काहीही नको. पाठीवरची सॅक दोन तासांत कमरेला आणि खांद्याला पकडते आणि दमट हवेत पाठ ओली राहून घामोळं येतं. दोन्ही बॅगा सारख्या वजनाच्या, जड वस्तू खाली.

कपडे तीन जोड: चालवायचे दोन, संध्याकाळचा एक. रोज रात्री धुवा. समुद्राकाठी हवा ओली असते, म्हणून जाड सुती कपडे सकाळी ओलेच राहतात, पातळ सिंथेटिक घ्या. हेल्मेट, मागं लाल दिवा, पुढं पांढरा, हॅन्डलला आरसा. आरसा मी फार उशिरा बसवला. कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर मागून येणारी गाडी वळून न बघता दिसली की निम्मी भीती जाते.

आधार कार्डाची प्रत, तीन दिवस पुरतील इतके रोख पैसे सुट्ट्यांसकट. खाडीच्या तळाशी वसलेल्या गावांत मोबाईलला रेंज नसते, मग फोनवरून पैसेही जात नाहीत. रस्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि गावांची नावं क्रमानं एका कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला तरी कागद विझत नाही.

कुंभार्ली उतरताना

सकाळी कोयनानगरहून उजाडल्यावर निघा, अंधारात नको. धुकं असेल तर चहा घेऊन थांबा. घाटाच्या तोंडाशी पाच मिनिटं उभं राहून ब्रेक, चाकांची पकड आणि सामानाचे पट्टे तपासा.

ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी सरळ भागात दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करा, वळणात सोडा, पुन्हा पुढच्या वळणाआधी लावा. सतत दाबलेल्या ब्रेकनं रिम तापते आणि तापलेल्या रिमवर ट्यूब फुटू शकते. दर दोन-तीन किलोमीटरला रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबा, दरी बघा, पाणी प्या. डिस्क ब्रेक असतील तर त्या चकतीला थांबल्या थांबल्या हात लावू नका, चटका बसतो. वजन सीटच्या मागच्या बाजूला सरकवा. आपल्या बाजूनं रस्त्याच्या आत चाला, अगदी कडेला खडी असते. ट्रक पुढं असेल तर त्याला जाऊ द्या, ओलांडू नका. त्याचा वेग तुमच्यापेक्षा कमी असला तरी वळणावर तो किती रुंद फिरेल ते मागून दिसत नाही.

चिपळूणला दुपारपर्यंत पोहोचाल. तिथं थांबा. दमट हवेत शरीराला एक दुपार द्यावी लागते. घाटमाथ्यावरची कोरडी थंडी सोडून तासाभरात आपण वेगळ्याच हवेत आलेलो असतो.

किनाऱ्यावरचा दिवस

पहाटे पाचला उठा, उजाडताच निघा. साडेदहा-अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर झालं पाहिजे. सड्यावर सावली नसते. जांभा तापला की ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. अकरा ते तीन विश्रांती: जेवण, देवळाची ओसरी, झाडाखाली झोप. तीननंतर खाऱ्या वाऱ्याच्या साथीनं उरलेलं अंतर, आणि पाचच्या आत मुक्काम. डिसेंबरात सहानंतर अंधार पटकन पडतो आणि गावाबाहेर रस्त्यावर दिवे नसतात.

दुपारी दुकानंही बंद असतात. कोकणातला दुकानदार जेवून वामकुक्षी घेतो, चारच्या सुमारास दार उघडतो. पाणी, केळी, बिस्किटं जे घ्यायचं ते बाराच्या आत घ्या.

चढ आला की आधीच लहान गिअरवर या, अर्ध्यात अडकून नको. चढ खडा असेल तर उतरून ढकला. त्यात कमीपणा नाही. ढकलताना वापरले जाणारे स्नायू वेगळे असतात, पायांना तेवढाच बदल मिळतो.

वाळूवर सायकल चालवू नका. खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये शिरली की दोन दिवसांत कुरकुर सुरू होते. चुकून गेलीच तर संध्याकाळी गोड्या पाण्यानं हलकं धुवा, फडक्यानं पुसा, वाळल्यावर तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर. चेन रोज रात्री पुसायचीच, समुद्राच्या हवेतही मीठ असतं.

खाडी ओलांडणं

तवसाळ-जयगडला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. तिला तिकडं जंगलजेट्टी म्हणतात. सायकल चढते, अडचण नाही. आदल्या दिवशी स्थानिकांना शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा आणि त्याच्या दोन तास आधी धक्क्यावर असा. बोटीवर सायकल गाड्यांच्या मध्ये न ठेवता कठड्याला टेकवून धरून उभे राहा. उतरताना आधी गाड्या जाऊ द्या, मग शांतपणे निघा, म्हणजे जयगडचा चढ मागून हॉर्न न ऐकता चढता येतो.

भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथं पूल आहेत. पुलावर वारा बाजूनं येतो, सामानाच्या बॅगा त्याला शिडासारख्या धरतात. हॅन्डल घट्ट धरा, कठड्यापासून थोडं आत चाला.

विजयदुर्गला मात्र नकाशा फसवतो. किल्ला वाघोटण नदीच्या मुखावर, दक्षिणेच्या बाजूला आहे. आपण जैतापूरकडून उत्तरेच्या बाजूनं येतो. पाण्यापलीकडं गाव दिसतंय, पण पूल पार आत वाघोटणला आहे, म्हणून मोठा वळसा पडतो. या दिवशी दुसरं काही ठरवू नका. देवगडहून कुणकेश्वरला मात्र तारामुंबरी-मिठमुंबरी पुलानं अंतर वाचतं. मालवणला देवबागच्या टोकापर्यंत जावंसं वाटतं, जरूर जा, पण तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते आणि रस्ता संपतो. वेंगुर्ल्याला जायला मागं फिरावं लागतं.

पाणी आणि जेवण

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळं अंग थंड होत नाही आणि घाम जातच राहतो. सायकलवर तीन लिटर पाणी ठेवा आणि तहान लागण्याआधी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा, हे प्रमाण लक्षात ठेवा. एक बाटली याची, बाकी साधं पाणी. लघवी गडद पिवळी झाली, डोकं दुखू लागलं, चढावर थंडी वाजल्यासारखं झालं, तर तो दिवस तिथंच संपवा. सावलीत बसा, अंग ओलं करा.

पहिल्या दोन दिवसांसाठी घरून दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, गूळ न्या. दशमी तीन दिवस टिकते आणि घाटात जी भूक लागते ती बिस्किटानं भागत नाही. कोकणात सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात आणि आमटी किंवा माशाचं कालवण, वर सोलकढी. दुपारी तळलेलं टाळा, पुढं चढ असतो. कोकम सरबत जिथं मिळेल तिथं मीठ घालून प्या.

मुक्काम

तंबू नेऊ नका. दोन किलो वजन वाढतं आणि या किनाऱ्यावर दर १५-२० किलोमीटरला कुणीतरी खोली देतंच. गणपतीपुळे आणि कुणकेश्वरला भक्तनिवास आहेत, बाकी ठिकाणी घरगुती राहणं-जेवण. सकाळी निघताना पुढच्या गावी फोन करून ठेवा: एकटा माणूस, सायकल, शाकाहारी की मासे, किती वाजेपर्यंत पोहोचणार. सायकल रात्री आत घ्यायला परवानगी आहे का, हेही विचारा. बहुतेक घरी पडवीत जागा देतात.

एकट्या माणसाला खोली द्यायला कुणी का-कू केलं तर मनाला लावून घेऊ नका. आधार कार्ड दाखवा, कुठून आलो, कुठं चाललो सांगा. मी दर वेळी साताऱ्याचे कंदी पेढे बरोबर नेतो. मुक्कामाच्या घरी मावशींच्या हातावर पुडा ठेवला की पुढचा तास गप्पांत जातो, आणि पुढच्या गावातला त्यांचा भाचा उद्याची वाट बघत असतो.

एकटं असणं

घरच्यांशी एक नियम ठरवा. मी दिवसातून दोनदा कळवतो: निघताना आणि मुक्कामावर पोहोचल्यावर. संध्याकाळी सातपर्यंत निरोप आला नाही तर घरच्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा, म्हणून तो नंबर सकाळीच पाठवलेला असतो. रेंज नसताना दर तासाला फोन लागला नाही म्हणून घरी रडारड होते. दोन ठरलेल्या वेळा असल्या की दोन्हीकडं शांतता. कुठंही मदत लागली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८.

समुद्रात एकट्यानं पोहायला उतरू नका. गुहागर असो, गणपतीपुळे असो, पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं. ६० किलोमीटर चालवून थकलेल्या पायांत त्याला तोंड द्यायची ताकद नसते. घोट्यापर्यंत पाणी, बस.

कुत्री मागं लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, चालत पुढं जा. ती आपला वाडा संपला की थांबतात.

एकट्या निघणाऱ्या मुली मला नेहमी विचारतात, त्यांना हेच सांगतो: मुक्काम शक्यतो जिथं घरची बाई बोलायला असेल तिथं घ्या, उजेडातच पोहोचा, आणि रस्त्यात कुणी विचारलं तर पुढच्या गावात नातेवाईक वाट बघतायत असं सांगा. आजचा मुक्काम कुठं, हे अनोळखी माणसाला सांगायची गरज नाही. हे पुरुषांनाही लागू आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन खाली जातं. हे मी प्रत्येक वेळी अनुभवलंय. दुपारी सड्यावर कुणी नसतं आणि आपण इथं का आलो असं वाटायला लागतं. त्या वेळी कोणताच निर्णय घेऊ नका. जेवा, झोपा, संध्याकाळी खाडीवर जाऊन बसा. दुसऱ्या सकाळीही परत जावंसं वाटलं तर जवळच्या एसटी स्थानकावर जा आणि खुशाल परत या.

परत येताना

रेडीहून सावंतवाडीला या. तिथून कोल्हापूरकडं जाणारी एसटी आंबोली घाटानं वर येते, कोल्हापूरहून साताऱ्याला गाड्या भरपूर. सगळ्या एसटींच्या टपावर सामान चढवायची सोय नसते, म्हणून स्थानकावर आदल्या संध्याकाळीच जाऊन वाहतूक नियंत्रकांना विचारा, कोणत्या गाडीवर सायकल चढेल. सायकलीचं लगेजचं तिकीट कंडक्टरकडून मागून घ्या. पुढचं चाक काढा, हॅन्डल फिरवून फ्रेमला समांतर करा, चेन मागच्या लहान चकतीवर घ्या, गिअरच्या नाजूक भागाला जुना टॉवेल गुंडाळा. दोर स्वतःचा न्या, किमान पाच मीटर, आणि बांधायला स्वतः वर चढा. कोल्हापूरला बदलताना पुन्हा तेच.

घरी आल्यावर आधी सायकल. गोड्या पाण्यानं धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. उन्हात वाळवा, चेनला तेल द्या, ब्रेकच्या वायरीत दोन थेंब सोडा. मग मागचं चाक उचलून हातानं फिरवा आणि कान लावून ऐका. खरखर ऐकू आली तर वाळू आत गेलीय, त्याच आठवड्यात मिस्त्रीकडं नेऊन बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्या.